दुधनीच्या आभाळाची शेड

मी सिल्वासाला जाऊन आलो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पिशवीकडे बघतो. शेजारी गुजरातेत दारूबंदी आणि सिल्वासात दर चार दुकानांआड एक बार, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याचं कारण लोकांनी परस्पर ठरवून ठेवलेलं असतं. मी तिथून एक फोटो आणला. आकाशगंगेचा. म्हणजे वरचा अर्धा भाग आकाशगंगेचा आहे. खालच्या अर्ध्या भागात काय आहे आणि ते तिथे का राहिलं, हे सांगायला बसलो आहे.

आधी खिळ्याची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या तालुक्याच्या गावी आकाश बघणाऱ्यांचा एक गट आहे. दरवर्षी डिसेंबरात वाचनालयाच्या सभागृहात आम्ही प्रदर्शन भरवतो. प्रत्येक फोटोखाली एक टीप लावायची असते: कुठे काढला, कधी काढला, नंतर त्यावर काय काय केलं. मागच्या वर्षी माझा फोटो अगदी दारासमोर लागला होता. गावची गढी, तिचा पडका बुरुज आणि बुरुजावर उभी आकाशगंगा. येणारा प्रत्येक जण थांबत होता. गटातले सगळ्यात जुने सभासद, निवृत्त पोस्टमास्तर वाणी काका, तेही थांबले. जरा जास्तच थांबले.

"बुरुजाची ही बाजू बाजारातून दिसते," ते म्हणाले. "म्हणजे आपण बघतोय उत्तरेला. धनू रास उत्तरेला कधीपासून उगवायला लागली?"

खरी गोष्ट अशी की बुरुज एका रात्रीचा होता आणि आकाश दुसऱ्या रात्रीचं, आमच्या शेताच्या बांधावरून काढलेलं, दक्षिणेकडचं. दोन्ही माझेच, दोन्ही खरे. चिकटवले मीच. टिपेत तेवढं लिहिलं नव्हतं. फोटो उतरवला गेला आणि त्याच दुपारी माझे वडील आले. बाबांनी जन्मभर मार्केट यार्डात हमाली केली. घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला, बी.एस्सी. फिजिक्स, आता कॉलेजच्याच प्रयोगशाळेत सहायक आहे. माझी पदवी बाबांना वाचता येत नाही. फोटो बघायला वाचता यावं लागत नाही, म्हणून ते तीन सोबत्यांना घेऊन धुतलेल्या टोप्या घालून आले होते.

"फोटो कुठं आहे रे तुझा?"

"काढून ठेवला."

"काहून?"

"दिशा चुकली."

बाबांनी मान हलवली. चौघांनी मिळून रिकाम्या खिळ्याकडे थोडा वेळ बघितलं, शेजारच्या शनीच्या फोटोला नमस्कार केला आणि निघून गेले. त्यानंतर घरात या विषयावर कुणी एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तेव्हाच ठरवलं. पुढच्या वर्षी एकच जागा, एकच रात्र, एकच चौकट. त्याच खिळ्यावर असा फोटो लावायचा की ज्याच्याखाली मला उभं राहता येईल.

पाडवा: अथाल

सिल्वासाजवळच्या अथालला माझी थोरली बहीण राहते. भाऊबीज अमावास्येनंतर दोन दिवसांनी येते. चंद्राची कोर लवकर मावळते आणि त्या दिवसांत अंधार पडला की नैर्ऋत्येला आकाशगंगा उभीच असते. ताईकडून तासाभरावर मधुबन धरणाचं पाणी पसरलंय, काठावर दुधनी नावाचं गाव आहे, आणि त्या बाजूला कारखाने नाहीत. ओवाळून घ्यायचं आणि फोटोही काढायचा, असा एका तिकिटात दोन कामांचा हिशोब होता. प्रवासाचं सांगत नाही. सुरतकडे जाणारी गाडी दिवाळीत कशी असते ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको.

ताईची खोली कामगारांच्या एका लांबलचक चाळीत आहे. एका दारात भोजपुरी, दुसऱ्यात गुजराती, तिसऱ्यात आपली अहिराणी. मी पोचलो तेव्हा बहुतेक दारांना कुलपं होती, माणसं सणाला गावी गेलेली. ताईने शेजारच्या तीन बंद दारांपुढेही छोट्या छोट्या रांगोळ्या काढल्या होत्या.

"आत कुणीच नाही ना?" मी म्हटलं.

"लक्ष्मीले काय माहीत?" ती म्हणाली.

आमचे दाजी प्लास्टिकला रंग देणारे दाणे बनतात त्या कारखान्यात शेड मॅचर आहेत. गिऱ्हाईक एक नमुना आणून देतं, बादलीचा तुकडा, नाहीतर बाटलीचं झाकण, आणि हुबेहूब तोच रंग दाजींनी बनवून द्यायचा. शिक्षण नववी नापास. मला ते "ग्रॅज्युएट" म्हणून हाक मारतात. मला ते आवडत नाही असं मी दाखवतो.

संध्याकाळी हातपाय धुवायला न्हाणीत गेलो तर बादली आणि पाणी घ्यायचा प्लास्टिकचा मग एकाच मरून रंगाचे, नवीन जोड असल्यासारखे. सकाळी तोच मग गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवलेला दिसला आणि शेजारी बादली. बादली मरूनच होती, पण तो मग चक्क विटकरी. मला वाटलं दोन मग असतील. शिकलेला माणूस असं काही दिसलं की आधी दुसरा मग शोधतो.

पण ते सकाळचं. आदल्या रात्री जेवताना, शेवभाजीच्या तर्रीने नाक वाहत असताना, मी लॅपटॉपवर माझे जुने फोटो दाखवत होतो. दाजी भाकरी चुरता चुरता थांबले.

"हा जांभळा कुणी पास केला?"

"पास म्हणजे?"

"म्हणजे तुला आभाळ असं दिसलं होतं का?"

"डोळ्याला असं दिसतच नाही, दाजी. डोळ्याला करडा पट्टा दिसतो, तोही चांगला अंधार असेल तर. कॅमेरा वीस सेकंद उजेड गोळा करतो. मग कॉम्प्युटरवर रंग उचलावा लागतो."

"उचलावा लागतो, बराबर. जांभळाच का उचलला?"

मी त्यांना सेन्सर समजावला, व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढऱ्याचा तोल समजावला, ताऱ्यांची तापमानं समजावली. पदवीचा उपयोग अशा वेळी होतो. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पार्टीला जांभळा आवडतो," ते म्हणाले. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाईकाला पार्टी म्हणतात.

मी कांदा चावत राहिलो. निळ्या-जांभळ्या आकाशाला मोबाईलवर दुप्पट अंगठे येतात, हे काही फिजिक्स नव्हतं.

"आणि तुमच्याकडे स्टँडर्ड कुठला?" दाजींनी पुन्हा विचारलं. "ज्याच्याशी मॅच करायचं तो नमुना?"

"आभाळाचा नमुना कुठून आणणार?"

"मग मॅच कशाशी करता?"

ताईने मध्ये पडून मला तिसरी भाकरी वाढली. भावाची बाजू घ्यायची तिची ही जुनी पद्धत आहे.

भाऊबीज, दुपार: खानवेलच्या वाटेवर

ताईने सकाळीच स्पष्ट केलं की ओवाळणं संध्याकाळीच होणार. आधी बीजेच्या चंद्राला ओवाळायचं, मग भावाला. तोवर ती जेवणार नव्हती.

"दुपारी उरकून टाक ना ताई. संध्याकाळी मला दुधनीला पोचायचंय."

"उरकून टाकायला मी काय भांडी घासते का?" ती म्हणाली. "आम्हीच येतो दुधनीला. चंद्र तिथं पण असंल ना?"

असा बेत बदलला. दाजींनी मित्राचा छोटा टेम्पो आणला. मागे माझा कॅमेरा, तिवई आणि बॅग; त्यावर पाट, सतरंजी, तबक, फराळाचे चार डबे आणि एक हंडा पाणी. दाजींच्या खिशात त्यांचं शेड कार्ड होतं, रंगांच्या चिपा, म्हणजे नमुन्याचे प्लास्टिकचे तुकडे, ओवलेला जुडगा. ते कशाला घेतलं, हे मी विचारलं नाही.

खानवेलच्या अलीकडे सागाची झाडं सुरू होतात आणि हवा बदलते. तिथे रस्त्याकडेला एक माणूस मडकी उलटी पुरून भोवती पालापाचोळा पेटवून बसला होता. मडक्यात कंद, पापडीच्या शेंगा, रताळी, वांगी, हिरवा मसाला, आणि तोंड रानपाल्याने बंद. उबाडियु म्हणतात त्याला. पाण्याचा थेंब नाही.

"दस मिनिट," मडकेवाला म्हणाला.

आपल्याकडे भरिताची वांगी तुरकाठ्यांवर भाजतात तेव्हा कुणी दहा मिनिटं म्हणालं तर आपण हसतो. इथे मी विश्वास ठेवला. पन्नास मिनिटं गेली. पण खोटं कशाला बोलू, त्या शेंगांना जो धुराचा वास होता त्यापुढे आमच्या भरिताला मी दुसरा नंबर देईन, आणि हे वाक्य आमच्या गावात वाचलं जाणार आहे हे माहीत असून देईन. ताई उपाशीपोटी समोर बसून आम्हाला खाताना बघत होती. तिचा वाटा पानात बांधून घेतला.

खानवेल सोडल्यावर घाटातली वळणं लागली. एका वळणावर एकदम खाली पाणी दिसलं, डोंगरांच्या बोटांत अडकलेलं. सूर्य टेकला होता.

भाऊबीज, संध्याकाळ: दुधनी

पाण्याजवळ उतरलो. ताईने तबक मांडलं: कुंकू, अक्षता, सुपारी, पणती, वात, तेल. मग तिने दाजींकडे बघितलं. दाजींनी खिसे चाचपले. काडेपेटी नव्हती. दाजींनी गेल्या वर्षी बिडी सोडली, तीही ताईनेच उपास धरून सोडवली, त्यामुळे दोष कुणावर ढकलावा हे दोघांनाही कळेना.

डोंगरावर चंद्राची कोर होती, नखाएवढी, आणि डोंगराकडे सरकत होती.

"चंद्र गेला तर मी काय तुझ्या कॅमेऱ्याला ओवाळू?" ताई मला म्हणाली.

मी चढावरच्या पहिल्या घराकडे पळालो. ओट्यावर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. रमणभाई. तळ्यात मासे धरतात, थोडी नागली पिकवतात. माझं धापा टाकणं संपेपर्यंत त्यांनी दोन गाठी मारल्या.

"माचिस हाय," ते म्हणाले. "पण तुमचं सामान मी वरून बघतोय. लगीन कोणाचं?"

"लग्न नाही, भाऊबीज. आणि मला आकाशगंगेचा फोटो काढायचाय."

त्यांनी वर बघितलं. "ती तं रोजचीच."

"आमच्याकडे एवढी दिसत नाही."

"मग तुमच्याकडची कोणी नेली?"

याचं उत्तर मोठं होतं, त्यात दिव्यांचे खांब आणि कारखाने आले असते. मी काडेपेटी घेऊन पळालो. रमणभाई मागून सावकाश आले, बघायला.

पेटीत चार काड्या. पाण्यावरून वारा येत होता. पहिल्या तीन विझल्या. चौथीला आम्ही चौघे जण गोल उभे राहिलो, खांद्याला खांदा लावून, पाठीवर वारा अडवून, आणि पणती लागली. ताईने ती उचलून धरली तेव्हा कोरीचं एकच टोक डोंगराच्या वर उरलं होतं. तिने त्या टोकाला ओवाळलं. मिटलेल्या डोळ्यांनी पुटपुटली. डोळे उघडले तर चंद्र नव्हता.

"झालं," ती म्हणाली. "आता तू."

मी तोवर कॅमेरा लावला होता, नैर्ऋत्येकडे तोंड करून. अंधार पुरता व्हायचा होता, पण धनू रासेचा भाग उमटायला लागला होता आणि तिथून तो करडा पट्टा सरळ वर, डोक्यावर चढत गेला होता. मी आमच्या बांधावरून दहा वर्षं बघतोय. असा बघितला नव्हता.

"ताई, अर्धा तास दे. आधी फोटो."

"दिवा लागलाय. लागलेला दिवा विझवून परत लावायचा नसतो. आणि काडी कुठं आहे?"

"मग पाट तरी बाजूला घे. तो कॅमेऱ्यासमोर येतोय."

"तिकडं चिखल आहे. तुझं तोंड पूर्वेला पायजे. इथंच बस."

मी हिशोब केला. अजून तासभर आकाशगंगा राहणार. पहिल्या काही चौकटी तशाही फेकायच्याच असतात. कॅमेरा दर पंचवीस सेकंदांनी आपोआप फोटो घेत राहील असा लावून दिला आणि पाटावर जाऊन बसलो. ताईने टिळा लावला. डोक्यावर अक्षता टाकल्या. मग तबक धरून ओवाळायला लागली, हळूहळू, मोठे मोठे फेरे, आमची आई ओवाळायची तसे. समोर डावीकडून कॅमेऱ्याचा आवाज: खट्. मी हललो नाही. हलू नये हे मला फोटोमुळे माहीत होतं. ताईला वाटलं भाऊ शहाणा झाला.

मी तिला नमस्कार केला आणि साडी दिली. दाजींनी टॉर्च मारून साडीची शेड बघितली.

"घरी उन्हात बघू," ते म्हणाले.

मग फराळ. ताई दिवसभराची उपाशी, तिने पहिल्यांदा पानातला कंद खाल्ला, मग करंजी, मग परत कंद. रमणभाईंनी चकली मोडून कानाशी नेऊन आवाज ऐकला आणि मग खाल्ली. दाजी शेड कार्ड आभाळाकडे धरून उभे होते.

"टॉर्च लावली की आभाळ जातं," ते म्हणाले. "बंद केली की कार्ड जातं. तुझी लाइन अवघड आहे, ग्रॅज्युएट."

"मग काय ठरलं?"

"करडा. किंचित ताक मिसळलेला. जांभळा तर नाहीच."

मी कॅमेऱ्याकडे गेलो तेव्हा पंचवीस-तीस मिनिटं झाली असतील. भिंगावर दव बसलं होतं, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर आरशावर बसतं तसं. मी सदऱ्याने पुसलं. पुन्हा बसलं. पुन्हा पुसलं तर कॅमेराच बंद पडला. बॅटरी संपली. दुसरी बॅटरी अथालला होती, ताईच्या मिक्सरशेजारी, चार्जरमध्ये, पूर्ण भरलेली. पाण्यावरून धुक्याचा पदर हळूहळू काठाकडे येत होता. वर सगळं आकाश झळाळत होतं आणि माझ्याजवळ ते धरायला काही नव्हतं.

"उद्या या," रमणभाई म्हणाले. "उद्या पण अस्ते."

उद्या दुपारची माझी गाडी होती आणि परवा कॉलेज.

सामान टेम्पोत भरून निघालो. खानवेल गेल्यावर ताई म्हणाली, "माझ्यामुळं झालं का रे?"

"नाही गं."

"खोटं नको बोलू. तुले येत नाही."

अथाल, दुसरी सकाळ

सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडला. पहिल्या आठ चौकटींत संधिप्रकाशाचा निळा आणि पाटावर बसताना हललेला मी. अकरापासून पुढे दाजींची टॉर्च, दाजींचं डोकं, दाजींचं कार्ड, मग दवाचं दूध. दहावी तिरकी, बहुतेक रमणभाईंचा पाय तिवईला लागला. उरली नववी.

नववीत आकाशगंगा सुईसारखी स्वच्छ. पाण्यात तिचं पुसट प्रतिबिंब. आणि खाली मधोमध पाटावर मी, टिळा लावलेला, कपाळावर अक्षतेचा एक दाणा. माझ्याभोवती सोनेरी कडं. पणती वीस सेकंद फिरत होती, तिच्या फेऱ्यांनी उजेडाची तीन-चार वळी काढली होती. ताई मात्र नव्हती. हलत राहिलेला माणूस अशा फोटोत उमटत नाही. तिच्या बांगडीची एक रेघ तेवढी.

मी लगेच पुसायला घेतलं. अलीकडे ते फार सोपं झालंय. आधी कडं, मग मी, मग पाट. त्या जागी शेजारचे दगड पसरवले. चार मिनिटांत दुधनीचा निर्मनुष्य काठ तयार, वर आकाशगंगा. दारासमोर लावावा असा.

दाजी अंघोळ करून आले. हातात तो मग होता. तो कठड्यावर उन्हात ठेवला आणि माझ्या मागे उभे राहिले.

"पुसलं?"

"पुसलं."

"ती टीप का काय असते, तिच्यात लिहिणार?"

"'किरकोळ सफाई' असं लिहितात."

"तुझी ताई किरकोळ?"

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

"आकाशाला मी हात लावला नाही, दाजी," मी म्हटलं. "जागा तीच, वेळ तीच, दिशाही बरोबर. नको असलेलं काढलं फक्त. सगळे काढतात."

दाजींनी मग उचलून माझ्यासमोर बादलीजवळ धरला. उन्हात विटकरी आणि मरून. मग तो न्हाणीत नेला, ट्यूबलाइट लावली आणि मला बोलावलं. आत दोघेही मरून, जुळे. दुसरा मग नव्हताच.

"मी कारखान्यात नवा होतो तेव्हाचा आहे," ते म्हणाले. "रात्रपाळी. ट्यूबखाली बादलीशी एकदम मॅच झाला. उन्हात बघायला सकाळपर्यंत थांबावं लागलं असतं. चिपच्या मागं लिहायचं असतं, कोणत्या उजेडात बघितलं ते. मी कोरं ठेवलं आणि पासची सही केली. सगळा माल गेला बाजारात. आजपण कुणाच्या घरी गेलो की आधी न्हाणीत बघतो."

"म्हणून हा ठेवलाय? लाज वाटावी म्हणून?"

"लाज कशाची? हा मग चांगला आहे. पाणी मावतं, फुटत नाही. रंग पण खोटा नाही, विटकरी काय वाईट असतो? सही खोटी होती."

ते कंगवा शोधायला निघून गेले. मी न्हाणीत ट्यूबलाइटखाली उभा राहिलो. मला भौतिकशास्त्रात पासष्ट टक्के आहेत. प्रकाश बदलला की रंग का बदलतो ते मी पोरांना दरवर्षी शिकवतो, आकृतीसकट. बुरुज खरा होता, आकाश खरं होतं, आणि टीप कोरी होती. वर्षभर मी फोटोत चूक शोधत होतो.

परत येऊन मी पुसलेलं सगळं परत आणलं. त्याला चार मिनिटंही लागत नाहीत. मग रंगाला बसलो. सावल्या थोड्या उचलल्या, अंधारातल्या फोटोवर येणारा दाणेदार रवा काढला, पणतीचा पिवळा पणतीसारखा राहील इथे तोल धरला. आकाश आपोआप करडं आलं, किंचित ताक मिसळलेलं. जांभळ्याइतकं देखणं नाही, हे कबूल करतो.

"टीप मी लिहू?" दाजी म्हणाले. त्यांनी कपाटातून कारखान्याच्या धर्तीची एक कोरी चिठ्ठी काढली आणि तिरप्या, जोर देऊन काढलेल्या अक्षरांत भरली. मी शुद्धलेखन तपासलं. एकच चूक होती, ती राहू दिली.

ताई पोळीचा डबा बांधता बांधता स्क्रीनपुढे येऊन उभी राहिली.

"मी कुठं आहे?"

"हे गोल."

तिने पदराने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "एवढी जाडी झाली का मी," ती म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर गुजरातच्या हद्दीत तपासणीला बॅग उघडावी लागली. हवालदाराने तिवईची लांब काळी पिशवी दाबून बघितली, मग उघडली, मग माझ्याकडे बघितलं. "बस, इतना ही?" तो म्हणाला. सिल्वासाहून येऊन एवढंच आणणारा मी त्याला त्या दिवशी पहिलाच भेटलो असणार.

घरी

डिसेंबरात प्रदर्शन लागलं. मी हट्टाने तोच खिळा मागून घेतला.

वाणी काका आले. चष्मा वर करून फोटोजवळ गेले. गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळ थांबले. गटातले दोघे-तिघे आजूबाजूला जमले, कारण तमाशा कुणाला नको असतो?

"ओवाळताना तोंड पूर्वेला," काका स्वतःशीच बोलत होते. "कॅमेरा बघतोय नैर्ऋत्येला, म्हणजे तो उभा ईशान्येला. मग चेहरा आपल्या डाव्या हाताला वळलेला पाहिजे." त्यांनी माझ्या फोटोतल्या नाकावर बोट ठेवलं. "वळलाय. बरोबर." मग चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे न बघता पुढच्या फोटोकडे गेले. त्यांच्याकडून हे फार झालं.

बाबा दुपारी आले. या वेळी एकटेच. मी सोबत्यांचं विचारलं नाही.

ते फोटोसमोर उभे राहिले, हात मागे बांधून. "पोरगी कुठं आहे यात?"

"ती हलत होती बाबा, म्हणून उमटली नाही. दिव्याचं कडं तेवढं आलंय."

"मग तीच की ती." थोड्या वेळाने चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं: "जागा दुधनी. उजेड: तारे आणि एक पणती. शेड: करडा, ताक मिश्रीत. सावल्या थोड्या उचलल्या, रवा काढला. पुसलं काही नाही. बॅच एक. रिपीट होणार नाही. पास."

"रिपीट म्हणजे?"

"असाच परत बनवून मिळणार नाही."

बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं फोटोला लावतात. त्यांनी चौकट जरा बाजूला सारली, मागचा खिळा दोन बोटांत धरला आणि पोत्याची शिवण ओढून बघावी तसा ओढून बघितला.

"तोच ना?"

"तोच."

"पक्का आहे. मागल्या वर्षीपण पक्काच होता," ते म्हणाले. "फोटो कच्चा होता."

मग ते दारापर्यंत गेले आणि बाहेर बघून हात केला. समोरच्या चहाच्या टपरीवर धुतलेल्या टोप्या घालून तिघं जण बसले होते. ते उठले.